४के मॉनिटर आणि भिंग: अक्षर मोठं करावं कुठे, ताणावं कुठे?

नवा ४के मॉनिटर जोडला आणि पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी झाली, असा अनुभव अनेकांना येतो. ज्यांची नजर कमी आहे त्यांना तर हा धक्काच असतो. मोठा, महागडा पडदा घेतला तो नीट दिसावं म्हणून, आणि जुन्या पडद्यावर जे वाचता येत होतं तेही आता वाचता येत नाही. मग मॅग्निफायर म्हणजे पडद्यावरचं भिंग सुरू केलं जातं. अक्षरं मोठी होतात, पण फिकट, धुरकट, कडांना लाल-निळी झाक असलेली. दोष मॉनिटरचा नसतो आणि डोळ्यांचाही नसतो. संगणक अक्षर दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी मोठं करतो, आणि त्यातली चुकीची पद्धत आधी वापरली गेलेली असते.

रिझोल्यूशन वाढलं की अक्षर लहान का होतं

पडदा म्हणजे चौकटीची वही समजा. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल, प्रकाशाचा सर्वांत लहान ठिपका. रिझोल्यूशन म्हणजे या चौकटी आडव्या किती आणि उभ्या किती. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० चौकटी असतात, ४के पडद्यावर ३८४० × २१६०. म्हणजे दोन्ही बाजूंनी दुप्पट, एकूण चौपट: सुमारे २१ लाखांच्या जागी ८३ लाख.

आता संगणकाला सांगितलं की हे अक्षर १२ चौकटी उंच काढ. तो चौकटी मोजतो, मिलिमीटर मोजत नाही. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एक चौकट साधारण ०.२८ मिमीची असते, म्हणून १२ चौकटी म्हणजे ३.३ मिमी. २७ इंची ४के पडद्यावर चौकट ०.१६ मिमीच्याही किंचित आत असते, तिथे त्याच १२ चौकटी १.९ मिमीच्या आत संपतात. पडदा मोठा झाला, तरी अक्षर जवळपास निम्म्यावर आलं.

विंडोजमधल्या मेन्यूचा नेहमीचा फाँट ९ पॉइंटचा आहे, आणि १००% मापावर तो बरोबर १२ पिक्सेल भरतो. एवढ्या उंचीत देवनागरीला शिरोरेषा बसवायची, वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक तिथे एकदोन पिक्सेलांवर येऊन ठेपतो. रोमन लिपीच्या मानाने देवनागरी वाचणाऱ्याला पिक्सेलांची गरज जास्त आहे, ही गोष्ट सेटिंग करताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

पुन्हा लिहिणं आणि ताणणं

एखाद्याला तुमची चिठ्ठी वाचता येत नसेल, तर दोन उपाय आहेत. तेच वाक्य दुसऱ्या कागदावर ठळक, मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून द्यायचं. किंवा आहे त्याच चिठ्ठीवर भिंग धरायचं. भिंगाखाली अक्षर मोठं दिसतं, पण शाई पसरलेली असेल तर ती पसरटही तेवढीच मोठी दिसते.

संगणकात ‘पुन्हा लिहिणं’ म्हणजे स्केलिंग. २००% स्केलिंग केलं की संगणक प्रत्येक अक्षर मुळातूनच १२ ऐवजी २४ पिक्सेल उंचीचं आखतो. फाँट ही वळणांची नोंद असते, ठिपक्यांचं चित्र नसतं. त्यामुळे कितीही मोठं काढा, कड धारदारच येते. मॅग्निफायर मात्र तयार झालेल्या चित्राचा एक तुकडा उचलतो आणि पडदाभर ताणतो. नसलेले पिक्सेल शेजारच्यांवरून अंदाजाने भरतो. धुरकटपणा येतो तो इथून.

म्हणून मोठं करण्याचं जेवढं काम पुन्हा लिहून होईल तेवढं आधी तसं करून घ्यावं आणि उरलेलंच भिंगावर सोडावं. ४के पडद्याचा खरा उपयोग इथेच आहे. पुन्हा लिहायला त्याच्याकडे चौपट चौकटी आहेत.

हिशोब करून बघू. ४के पडदा १००% वर ठेवून भिंग ४ पट केलं, तर १२ पिक्सेलांचं अक्षर ४८ पर्यंत ताणलं जातं. तेच स्केलिंग २००% आणि भिंग २ पट केलं, तर २४ पिक्सेलांचं अक्षर ४८ पर्यंत ताणलं जातं. डोळ्यांना दिसणारा आकार सारखाच, पडद्यावर मावणारा मजकूरही जवळपास तेवढाच. पण दुसऱ्या अक्षरात मूळचे ठिपके चौपट आहेत. काहीही न गमावता अक्षर स्वच्छ झालं.

कोणत्या क्रमाने काय करावं

सर्वांत आधी अंतर. पडदा ६० सेंमीवरून ३० सेंमीवर आणला की सगळं दुप्पट मोठं दिसतं, आणि पडद्यावरचा एक शब्दही बाहेर जात नाही. असा फायदा दुसऱ्या कुठल्याच उपायात नाही. त्यासाठी टेबलाला बसणारा, पुढे-मागे होणारा मॉनिटर आर्म लागतो. मूळ स्टँडवर पडदा जवळ घेतला की कीबोर्डला जागा उरत नाही आणि माणूस मान पुढे काढून बसतो. अडचण चष्म्याची असते. चाळिशीनंतर डोळ्याची जवळ बघण्याची ताकद घटत जाते. ४० सेंमीवरचं स्पष्ट बघायला एकूण अडीच डायॉप्टरची ताकद लागते, ३० सेंमीला सव्वातीनच्या किंचित वर. हा भार डोळा आणि चष्मा मिळून उचलतात. त्यामुळे डोळे तपासताना ‘वाचायला चष्मा हवा’ एवढं सांगून भागत नाही; पडदा नेमका किती सेंमीवर असतो ते टेपने मोजून सांगावं.

मग स्केलिंग. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, स्केल इथे यादी मिळते. तिच्यापलीकडे ‘कस्टम स्केलिंग’मध्ये ५०० टक्क्यांपर्यंत आकडा टाकता येतो, त्यासाठी एकदा साइन आउट व्हावं लागतं. २७ इंची ४के पडद्यावर साधारण १७५ टक्क्यांना अक्षर जुन्या २४ इंची फुल एचडीएवढं होतं. म्हणजे १७५% ही नुसती बरोबरी झाली. खरं मोठं करणं त्याच्या पुढे सुरू होतं. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या डिस्प्ले विभागात ‘लार्जर टेक्स्ट’कडे सरकावं.

त्यानंतर फक्त मजकूर. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात ‘टेक्स्ट साइझ’ १०० ते २२५% असतं. खिडक्या, बटणं तशीच राहतात, अक्षरं वाढतात. स्केलिंगमुळे खिडक्या पडद्यात मावेनाशा झाल्या असतील तर याचा उपयोग होतो.

ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान मोठं करावं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते ५०० टक्क्यांपर्यंत जातं. हेही पुन्हा लिहिणंच आहे, शिवाय नीट बांधलेल्या संकेतस्थळावर ओळी आपोआप नव्याने तुटतात आणि आडवं सरकवावं लागत नाही. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मानकात १२८० पिक्सेल रुंद पान ४००% मोठं केल्यावरही आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे, असा निकष आहे. एखादं पान तसं वागत नसेल तर एज किंवा फायरफॉक्समध्ये विंडोजवर एफ९ दाबून वाचन-दृश्य (फक्त लेखाचा मजकूर साधेपणाने दाखवणारं) मिळतं का ते पाहावं.

या सगळ्यानंतर जी उणीव उरेल ती मॅग्निफायरने भरावी.

एक पूर्ण उदाहरण

समजा, एखाद्याला २४ इंची फुल एचडी पडद्यावर ६० सेंमीवरून जे अक्षर दिसतं त्याच्या सहापट मोठं हवं आहे. २७ इंची ४के पडदा १००% वर ठेवून सगळं भिंगावर सोडलं, तर भिंग सुमारे १०७० टक्क्यांवर न्यावं लागतं. तेव्हा एका वेळी पडद्याचा फक्त ३५९ × २०२ पिक्सेलांचा तुकडा दिसतो. एका वाक्याची निम्मी ओळ, आणि तीही १२ पिक्सेलांवरून ताणलेली.

आता पडदा ४० सेंमीवर आणा: दीडपट. स्केलिंग २५०% करा: जुन्या पडद्याच्या मानाने १.४ पट. दोन्ही मिळून २.१ पट. भिंग ३०० टक्क्यांवर ठेवलं की सहापटीच्या थोडं वर पोचतो. अक्षर आता ३० पिक्सेलांवरून ताणलेलं आहे, आणि स्केलिंग धरून मोजलं तर दिसणारा तुकडा ५१२ × २८८ एवढा, म्हणजे क्षेत्रफळाने आधीच्या दुप्पट. पडदा तोच, डोळे तेच. बदलला तो फक्त कामाचा क्रम.

मॅग्निफायरच्या आत काय निवडावं

विंडोजमध्ये विंडोज की आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग उघडतं, विंडोज की आणि उणे चिन्हाने लहान होतं, विंडोज की आणि एस्केपने बंद होतं. कंट्रोल-ऑल्ट धरून माउसचं चाक फिरवलं तरी पट बदलते, कमाल १६००%. विंडोज की, कंट्रोल आणि एम दाबलं की त्याची सेटिंग्ज उघडतात. तिथे पायरी किती टक्क्यांची हवी हेही ठरवता येतं. मुळातली १०० ची पायरी बहुतेकांना मोठी पडते. २५ किंवा ५० ठेवावी.

दृश्यं तीन आहेत. कंट्रोल-ऑल्ट-एफ ने पूर्ण पडदा, कंट्रोल-ऑल्ट-एल ने पॉइंटरसोबत फिरणारं चौकोनी भिंग, कंट्रोल-ऑल्ट-डी ने पडद्याच्या कडेला चिकटलेली पट्टी. दिवसभर भिंग लागणाऱ्याला पूर्ण पडदाच सोयीचा. अधूनमधून एखादा आकडा बघायचा असेल तर चौकोनी भिंग चांगलं, पण ते आजूबाजूचा भाग झाकतं. पट्टीचं दृश्य ४के पडद्यावर खुलतं: वरच्या तिसऱ्या भागात मोठं केलेलं, खाली मूळ पान, असं दोन्ही दिसायला इथे जागा आहे. फुल एचडीवर तेच कोंदट वाटायचं. लांब तक्त्यात कुठल्या स्तंभात आहोत हे हरवणाऱ्यांनी हे दृश्य आठवडाभर वापरून बघावं.

‘चित्र आणि मजकुराच्या कडा मऊ करा’ अशा अर्थाची एक खूण सेटिंग्जमध्ये असते. ती चालू असली की कडा गुळगुळीत पण किंचित पुसट. बंद असली की कडा स्पष्ट पण जिन्यासारख्या. बंद ठेवणार असाल तर पट २००, ३००, ४०० अशी पूर्ण ठेवावी. १५० वर एक पिक्सेल कधी दोन जागा घेतो, कधी एक; २५० वर कधी दोन, कधी तीन. मग ‘ण’चा एक दांडा जाड आणि दुसरा बारीक दिसतो.

लाल-निळ्या झाकेचं कारण वेगळं आहे. विंडोजचं क्लिअरटाइप हे तंत्र प्रत्येक पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा हे तीन उपभाग स्वतंत्र वापरून अक्षराची कड सावरतं. मूळ आकारात डोळ्याला ते रंग कळत नाहीत. ताणलं की कळतात. भिंग ३०० टक्क्यांच्या वर राहत असेल तर शोधपट्टीत क्लिअरटाइप शोधून ते बंद करून पाहावं. दाट पिक्सेलांच्या पडद्यावर त्याची गरज तशीही कमी असते.

‘पॉइंटर मध्यभागी ठेवा’ की ‘कडेपर्यंत जाऊ द्या’ यातली निवड छोटी दिसते, पण तिच्यावर डोकं दुखणं-न दुखणं अवलंबून असतं. मध्यभागी ठेवलं की हात जरा हलला तरी सारं पान हलतं. वाचनाला ‘कडेपर्यंत’ हे सेटिंग स्थिर वाटतं. भिंग ८ पट असताना पॉइंटर १० पिक्सेल सरकला की डोळ्यांसमोर ८० पिक्सेलांची उडी पडते, म्हणून पॉइंटरचा वेगही कमी करावा आणि त्याचा आकार वाढवावा. ओळ सरळ वाचायची तर माउस सोडून कंट्रोल-ऑल्ट आणि बाणाच्या कळा वापराव्यात. ओळ वर-खाली डगमगत नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे खिडकीच अरुंद करणं. भिंगात ५१२ पिक्सेल रुंदी दिसत असेल तर दस्तऐवजाची खिडकी तेवढीच रुंद करावी आणि ‘वर्ड रॅप’ चालू ठेवावं. ओळी भिंगात मावतील अशा तुटतात आणि फक्त खाली सरकत राहायचं. वाचनाचा वेग सर्वांत जास्त मारतं ते हे ओळीमागून ओळ डावी-उजवीकडे जाणं-येणं. अक्षराच्या आकाराचा क्रम त्यानंतर लागतो.

मॅकवर सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात झूम चालू केल्यावर ऑप्शन-कमांड-८ ने भिंग चालू-बंद होतं, ऑप्शन-कमांड आणि बरोबर किंवा उणे चिन्हाने पट बदलते. तिथलं ‘होव्हर टेक्स्ट’ विशेष उपयोगी आहे: कमांड दाबून धरली की पॉइंटरखालचा मजकूर वेगळ्या चौकटीत पुन्हा लिहून दाखवला जातो, ताणून नव्हे. लिनक्सच्या ग्नोममध्ये ऑल्ट-सुपर-८ ने भिंग सुरू होतं.

“मग रिझोल्यूशनच कमी केलं तर?”

हा उपाय खूप जण सुचवतात, कारण परिणाम तत्काळ दिसतो. ४के पडदा १९२० × १०८० वर आणला की सगळं दुप्पट मोठं होतं. पण पडद्यावरच्या चौकटी काही कमी होत नाहीत. संगणक लहान चित्र पाठवतो आणि बहुतेक वेळा मॉनिटर ते ताणतो. म्हणजे पुन्हा भिंगच, तेही तुमच्या हाताबाहेरचं. २५६० × १४४० वर तर आणखी वाईट: एका पिक्सेलच्या वाट्याला दीड चौकट येते. रिझोल्यूशन मूळच्या आकड्यावर ठेवावं आणि स्केलिंग वाढवावं. एखादा जुना प्रोग्रॅम स्केलिंग मुळीच मानत नसेल तेवढ्यापुरता हा उपाय ठीक.

“स्केलिंग वाढवलं की ‘ओके’चं बटणच दिसत नाही”

ही तक्रार खरी आहे. ३००% स्केलिंगवर ४के पडदा प्रोग्रॅमच्या लेखी १२८० × ७२० उरतो. ७२० पेक्षा उंच चौकट आली की तिचा तळ पडद्याखाली जातो. ऑल्ट-स्पेस, मग एम दाबून बाणाच्या कळांनी खिडकी वर ढकलता येते. किंवा टॅबने बटणापर्यंत जाऊन एंटर. हे रोज घडत असेल तर स्केलिंग २५० वर आणून भिंग थोडं वाढवावं. बहुतेकांचं २७ इंची पडद्यावर २०० ते २५० च्या दरम्यान जमतं.

“एकच प्रोग्रॅम धुरकट दिसतो, बाकी सगळे स्वच्छ”

तो प्रोग्रॅम जुना आहे आणि त्याला पिक्सेलांची दाटी कळत नाही. विंडोज त्याचं चित्र ताणून मोठं करतं. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ इथे जाऊन ‘ओव्हरराइड’ची खूण करावी आणि ‘सिस्टिम (एनहान्स्ड)’ निवडावं. काही प्रोग्रॅमांत मजकूर लगेच धारदार होतो. मांडणी विस्कटली तर ‘सिस्टिम’ निवडावं. ‘ॲप्लिकेशन’ निवडलं की ताणणं थांबतं, पण अक्षरं पुन्हा मुंगीएवढी होतात.

रिमोट डेस्कटॉपचीही गत अशीच. दूरच्या संगणकाचं चित्र तयार होऊन येतं, त्यामुळे स्केलिंग त्या संगणकाच्या सत्रातच वाढवावं. इथलं भिंग शेवटी.

“भिंग फिरवताना पडदा अडखळतो”

इथे संशय आधी केबलवर घ्यावा. एचडीएमआय १.४ वरून ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलू शकतं, एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ वरून ६० वेळा. स्थिर पानावर हा फरक कळतही नाही. पण भिंग म्हणजे सतत सरकणारं चित्र. ३० वर प्रत्येक पायरी ३३ मिलिसेकंद थांबते आणि डोळ्यांना ते झटके बसतात. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे आकडा बघावा. ३० दिसला तर केबल, पोर्ट आणि मधला अडॅप्टर तपासावा. साखळीतला सर्वांत जुना दुवा वेग ठरवतो. यूएसबी-सी डॉकमधून (एकाच केबलवर पडदा, कीबोर्ड वगैरे जोडून देणाऱ्या डबीतून) चित्र येत असेल तर डॉकलाही जबाबदार धरावं: काही डॉक अर्धी वाट यूएसबीच्या डेटाला देतात आणि ४के ३० वर अडकतं.

मॉनिटरऐवजी टीव्ही जोडला असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. टीव्ही कडा कापून चित्र फुगवत असेल तर त्याच्या मेन्यूतलं ओव्हरस्कॅन बंद करावं. आणि काळ्यावर लाल किंवा निळी अक्षरं विशेष पुसट दिसत असतील तर रंगांची माहिती कमी करून पाठवली जात आहे. टीव्हीचा ‘पीसी’ मोड चालू करून, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी किंवा ४:४:४ करावा.

“अंगभूत भिंग पुरेसं आहे का?”

चार-पाच पटींपर्यंत, वर सांगितलेला क्रम पाळला तर बहुधा पुरतं. त्यापुढे झूमटेक्स्ट किंवा सुपरनोव्हासारख्या सॉफ्टवेअरचा विचार करावा. त्यांचा जोर कमाल पटीवर नसतो. मोठ्या पटीतही अक्षरांच्या कडा सावरून दाखवणं, पॉइंटर आणि कर्सरभोवती ठळक खुणा, आणि मजकूर वाचून दाखवणारा आवाज यांसाठी ती घेतली जातात. दोन्ही विकत घेण्याआधी ठरावीक मुदत वापरून बघता येतात. ती मुदत सुरू करण्याआधी स्केलिंग, अंतर आणि केबल नीट करून घ्यावेत, नाहीतर तुलना सॉफ्टवेअरची होत नाही, चुकीच्या सेटिंगची होते.

पांढऱ्या पडद्याचा झगमगाट सहन होत नसेल तर भिंग चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-आय ने रंग उलटतात: काळ्यावर पांढरी अक्षरं. मोतीबिंदू असणाऱ्या अनेकांना एवढ्यानेच पट एखाद्या पायरीने कमी करता येते. मात्र काही दिवसांत अचानक जास्त पट लागायला लागली, सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्या किंवा पानाच्या मध्येच डाग दिसू लागला, तर सेटिंगशी खेळत बसू नये; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावं.